कौल मिळाले

मुंबई, १० नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप वहिनींना सत्यवानाचा वखारीतून नमस्कार.

पत्र घाईत लिहितो आहे, पण बातमी मोठी आहे. गावदेवीला एका बॅरिस्टराचा बंगला आमच्या शेठने मोडायला घेतला. तुम्हाला माहीतच आहे, आमची वखार म्हणजे मोडलेल्या घरांचे सामान विकायची जागा, आणि मी तिथला सर्वांत जुना कारकून. तेव्हा पहिला हात माझा. बॅरिस्टराची बायको आत चहा पीत होती तेव्हाच मी घरभर फिरून खडूने खुणा करून आलो. पुढचे दार अस्सल बर्मा सागाचे, चौघांना उचलत नाही. रंगीत काचांची एक खिडकी. मंगळुरी कौले आठशे. आणि लोखंडी गोल जिना! असा जिना मालवणातसुद्धा कोणाकडे नसेल.

हे सगळे मी आपल्या घरासाठी राखून ठेवले आहे. दादा गेल्यापासून त्या घराकडे कोणी बघितले नाही, याची मला फार खंत वाटते. जुनी नळ्यांची कौले उतरवून मंगळुरी चढवू. मागची पडवी आणि तुमची रांधपाची खोली पाडून एक मोठा हॉल काढू. जुने ते सोने म्हणतात ते उगीच नाही, पण मुंबईचे जुने असले तरच.

आता मुद्द्याचे. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना आपल्या कट्टा गावी दवाखाना काढायचा आहे. घर झाले की ते भाड्याने घेतील. तुम्ही एकट्या तिथे कशासाठी राहायचे? आमच्याकडे या. खोली एकच आहे, पण गॅलरीत तुमचे अंथरूण आरामात मावेल. तुमच्या जावेला, जानकीला सोबत होईल. तिला हल्ली स्टोव्हपुढे बसवत नाही.

उलट टपाली होकार कळवावा.

आपला,
सत्यवान


कट्टा, २१ नोव्हेंबर १९५७

भावजींना सुगंधाचा चुलीपुढून आशीर्वाद.

पत्र पोचले. दोनदा वाचले, एकदा आनंदाने आणि एकदा चष्मा लावून.

तुम्ही आमची एवढी काळजी करता हे वाचून बरे वाटले. सामानाची यादी मी लवू सुताराला वाचून दाखवली. तो बराच वेळ डोके खाजवत बसला आणि म्हणाला, "वैनी, ह्यो जिनो खंय जाता?" आपल्या घराला माडी नाही हे तुमच्या लक्षात असेलच. मी म्हटले, "बाबा, माका काय ठाऊक? मुंबैसून इलो की तेकाच इचार."

गॅलरीचे वाचून मात्र डोळ्यांत पाणी आले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होता. माझ्या पानातला तळलेला बांगडा उचलून माडावर चढून बसायचे, आणि मी मामंजींना मांजराचे नाव सांगायची. आता तुम्ही मला गॅलरी देता. माणसाने उपकार विसरू नयेत हेच खरे.

पण भावजी, सरळच लिहिते. मला यायचे नाही. या घरात तुमच्या दादांबरोबर मी सोळा वर्षे काढली आणि त्यांच्यामागे सात. माझ्या चुलीचा धूर कुठल्या कौलातून बाहेर जातो ते मला माहीत आहे. मुंबईत माझा धूर कुठून जाणार? आता माझे म्हणणे या घरात पूर्वी कोणी विचारले नव्हते, तेव्हा तुम्हीही मनावर घेऊ नका. घर तुमच्या नावावर आहे.

एक गोष्ट मात्र टाळता येणार नाही. छप्पर उतरवायचे तर आधी रवळनाथाला विचारावे लागेल. मामंजींनी गोठ्याची वळचण बदलली तेव्हासुद्धा कौल लावला होता. तुम्ही मुंबईत राहून विसरला असाल म्हणून सांगते, गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी लावतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भिकाजी गुरवाला विचारले तर म्हणतो, "जत्रा होवंदे, मगे बघूया."

जानकीला सांगा, स्टोव्हपुढे बसवत नसेल तर पाटावर बसावे.

सुगंधा


मुंबई, ४ डिसेंबर १९५७

तीर्थरूप वहिनींना नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. मनाला लावून घेऊ नका, मुंबईत कोणाचाच धूर कुठे जात नाही, तरी लोक राहतात. चार दिवसांत सवय होते.

देवाला विचारायला माझी ना नाही. किंबहुना विचाराच. उद्या गावात कोणी बोलायला नको की सत्यवानाने देवाला न विचारता घर उघडे केले. पण देव नाही म्हणेल असे मला वाटत नाही. बर्मा सागाला नाही कोण म्हणेल?

आपल्या वाडीतला बाबली गिरणीतून रजेवर गावी येतो आहे. त्याच्याबरोबर मंगळुरी कौलांतले एक कौल नमुन्याला पाठवतो. ते बघून लवूला छपराच्या रिपा किती अंतरावर ठोकायच्या त्याचा अंदाज येईल. ते पोचले की कळवा. तोवर देवाचाही कौल घेऊन ठेवा. दोन्हींचे उत्तर आले की मी सगळा माल गलबतावर चढवतो. डॉक्टर रोज विचारतात.

सत्यवान


(कार्ड)

कट्टा, २२ डिसेंबर १९५७

भावजींना आशीर्वाद. कौल मिळाले. चांगले आहे. काळजी नसावी. कार्डावर जागा नाही म्हणून थांबते.

सुगंधा


मुंबई, २९ डिसेंबर १९५७

तीर्थरूप वहिनींच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार.

कार्ड मिळाले आणि मी वखारीतून उठून थेट पेढे आणायला गेलो. देवाने दिले! मला खात्री होतीच. चाळीत अठरा बिऱ्हाडांना पेढे वाटले. आणि वहिनी, तुमचे मला कौतुक वाटले. आपल्याकडची माणसे नुसते 'कौल झालो' म्हणतात. तुम्ही मात्र देवाला मान देऊन 'कौल मिळाले' असे आदराने लिहिलेत. चौथीपर्यंतचे शिक्षण फुकट गेले नाही. नमुन्याचे कौल पोचल्याचे लिहायला तुम्ही विसरलात, पण देवापुढे कौलाचा तुकडा कोण आठवतो? बाबलीने नीट दिले असेलच.

सगळा माल काल गलबतावर चढवला. दार, जिना, खिडकी, आठशे कौले. मालवण बंदरात उतरेल, तिथून गाड्या करून घरी न्या. डॉक्टरांना अक्षय तृतीयेचा मुहूर्त सांगून टाकला. त्यांनी पाटीसुद्धा रंगवायला दिली. शब्द गेला आहे माझा.

गॅलरीला मी पडदा शिवायला टाकला आहे. निळा.

सत्यवान


कट्टा, २ फेब्रुवारी १९५८

भावजींना सुगंधाचा आशीर्वाद.

माल पोचला. मालवणहून सहा गाड्या झाल्या. अख्खी वाडी बघायला जमली होती. जिना घरापुढच्या खळ्यात आडवा पडला आहे, त्यात माझी एक कोंबडी शिरली ती वाट चुकली, दुसऱ्या दिवशी सापडली.

दार मात्र खरोखरच देखणे आहे. त्याला पितळेची एक पाटी आहे, इंग्रजीत. मी पोस्टमास्तरांना बोलावून वाचून घेतली. ते म्हणाले, "विचारल्याशिवाय आत येऊ नये, असे लिहिले आहे." मी ती चिंच लावून घासली. आता लखलखते.

तुम्ही पेढे वाटल्याचे वाचले आणि चष्मा लावून पुन्हा वाचले. अहो भावजी, मला मिळाले ते बाबलीने आणलेले कौल! तो बिचारा पदरात बांधलेल्या पोरासारखे ते सांभाळत आला. म्हणाला, "वैनीनु, बोटीत तीनदा ओकलंय, पण कौल हातातसून सोडूक नाय." तेवढ्यासाठी मी कार्ड टाकले. देवाचा कौल लावलेलाच नाही. भिकाजी गुरव जत्रेत नाचला आणि त्याच्या पायात लचक भरली, तो अजून खाटेवर आहे.

आमच्या शाळेत मास्तरांनी छडी मारून शिकवले होते. कौल पुल्लिंगी असला तर देवळातला, नपुंसकलिंगी असला तर छपरावरचा. 'कौल मिळाला' म्हणजे देवाने दिला. 'कौल मिळाले' म्हणजे बाबलीने दिले. तुम्ही तर सातवी पास. देवाला मान द्यायला व्याकरण कशाला मोडायचे?

पेढे चांगले होते का?

सुगंधा


मुंबई, ९ फेब्रुवारी १९५८

वहिनींना नमस्कार.

मी तुमचे कार्ड ट्रंकेतून काढून पुन्हा बघितले. त्यावर जागा नव्हती म्हणता, अर्धे कार्ड कोरे आहे. असो. मला वाद घालायचा नाही.

माझी इथे काय अवस्था झाली आहे ती तुम्हाला कळायची नाही. चाळीत ज्यांना पेढे दिले ते रोज विचारतात, घर कुठवर आले. डॉक्टरांनी इथली जागा सोडली. माझा शब्द खोटा पडला तर मी तोंड दाखवायचे कुठे? तेव्हा भिकाजीचा पाय बरा असो नसो, त्याला उचलून देवळात न्या आणि कौल लावा. देवाने काय सांगितले ते सविस्तर लिहा, पुल्लिंगी का नपुंसकलिंगी तेही लिहा. देव सांगेल तसे होईल. हा माझा शेवटचा शब्द.

सत्यवान


कट्टा, १८ एप्रिल १९५८

भावजींना सुगंधाचा आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, त्याचा राग धरू नका. घराच्या कामात होते.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे शिवरात्रीनंतरच्या सोमवारी कौल लावला. भिकाजीला बाबलीच्या घरच्या बैलगाडीत घालून देवळात नेले. तो म्हणाला, "वैनी, गाऱ्हाणा काय घालूया?" मी म्हटले, घरातली कर्ती बाई म्हणून मीच सांगते, तू मोठ्याने बोल. तुम्ही सविस्तर लिहा म्हणालात, म्हणून शब्दन् शब्द उतरवून पाठवते.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा! सत्यवानान मुंबैसून सामान धाडल्यान हा. त्या सामानान ह्या घराचा काम करूचा, आणि ह्या बायेन शेवटपर्यंत ह्याच घरात रवाचा, असा तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी. आणि कामच करूचा नाय, घर आसा तसा ठेवचा आणि बाय आसा थंय रवाची, असा आसात तर डावो कौल दी, रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मी डोळे मिटून उभी होते. भावजी, खोटे कशाला बोलू, मधेच एक डोळा उघडून बघितलाही. देवाला फसवता येत नाही असे म्हणतात, आणि मी तर त्याला नुसते विचारत होते. टप् करून पाकळी पडली. भिकाजी ओरडला, "उजवो!"

कौल मिळाला. पुल्लिंगी.

मग देवाचा शब्द मोडायचा कसा? दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केले. मंगळुरी कौले चढली, आता छपरावरून पाणी घरात यायचे नाही. दारासाठी लवूने भिंत हातभर फोडली. "दार बारीक करूचा की घर मोठा?" म्हणून विचारत होता, मी म्हटले घर मोठे कर. रंगीत काचांची खिडकी रांधपाच्या खोलीला लावली. सकाळी ऊन आले की माझ्या भाकऱ्या तांबड्या-निळ्या दिसतात. रांधपाची खोली पाडलेली नाही, कारण देवाने मला राहायला सांगितले आणि राहायचे म्हणजे रांधायला हवे. जिना लवूने खळ्यात उभा करून दिला आहे. वर चढले की कट्ट्याचा एसटीचा थांबा दिसतो.

डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. दोन्हीपैकी कुठल्याही कौलात त्यांचे नाव निघाले नाही, त्याला माझा इलाज नाही.

निळा पडदा जानकीला वापरायला द्या.

सुगंधा


मुंबई, २७ एप्रिल १९५८

वहिनींना नमस्कार.

देवापुढे कोणाचे चालते? निदान कामाला तरी त्याने संमती दिली, यात मी समाधान मानतो. डॉक्टर खारेपाटणला गेले. जाताना मला जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

सत्यवान


मुंबई, ६ ऑक्टोबर १९६३

तीर्थरूप वहिनींना सत्यवानाचा साष्टांग नमस्कार.

साडेपाच वर्षे मी तुम्हाला दिवाळीच्या कार्डापलीकडे काही लिहिले नाही. राग होता. राग कशाचा, हे मात्र मला नीट कळत नव्हते. एक दिवस पितृपक्षात ट्रॅममध्ये उभा असताना तुमचे ते गाऱ्हाणे आठवले आणि मी मोठ्याने हसलो, शेजारचा माणूस बाजूला सरकला. उजवा पडला तरी तुम्ही घरात, डावा पडला तरी तुम्ही घरात! तुम्ही जायचे, असा कौलच देवापुढे ठेवला नव्हता. आणि मी कारकून, आयुष्यभर दुसऱ्यांचे करारनामे वाचणारा, मला ते समजायला पाच वर्षे लागली.

वहिनी, आमची चाळ मोडायची ठरली आहे. मालकाने जागा विकली, आता तिथे पाच मजली इमारत होणार. मोडायचे काम कोणी घेतले असेल? आमच्याच शेठने. आणि सामानावर खुणा करायला खडू देऊन पाठवले ते मला. मी सगळ्या मजल्यांवर फिरलो. लोक कपडे बांधत होते, बायका बघत होत्या, आणि मी त्यांच्या चौकटींवर फुल्या मारत होतो. शेवटी आमच्या खोलीपाशी आलो. जानकी आत चहा करत होती. माझ्याच दारावर मी फुली मारली, खाली प्रत लिहिली, साधा देवदार, दुय्यम. मग खाली बसलो. तेव्हा मला त्या बॅरिस्टराच्या बायकोची आठवण झाली. तीही चहा पीत होती.

पुढच्या महिन्यात मी ही नोकरीही सोडणार, तो खडू आता हातात धरवत नाही. दुसरी खोली घेण्याची ऐपत नाही. घर माझ्या नावावर आहे असे तुम्ही लिहिले होते, पण ते कागदावर. छपराखाली कोण राहिले ते मला ठाऊक आहे. तेव्हा मालक म्हणून लिहीत नाही, विचारतो. मी आणि जानकी तिकडे आलो तर चालेल का? मागच्या पडवीत, गोठ्याच्या बाजूला, कुठेही. तुम्हाला गॅलरी द्यायला निघालो होतो, आता मला तेवढीही मागायची लाज वाटते.

देवाला कौल लावून कळवा. गाऱ्हाणे कसे घालायचे ते तुमच्या हातात आहे.

सत्यवान


कट्टा, १७ ऑक्टोबर १९६३

सत्यवाना, तुका आणि जानकीक माझो आशीर्वाद.

आज पुस्तकी लिहिणार होते, पण पहिलीच ओळ अशी आली. राहू दे. पंचवीस-तीस वर्षे 'भावजी, तुम्ही' म्हणत आले, पण तुझे पत्र वाचले आणि माडावर बांगडा खात बसलेला पोरगाच डोळ्यांपुढे आला. आता मांजराचे नाव सांगायला मामंजी नाहीत.

काल तुझ्या सांगण्याप्रमाणे कौल लावला. भिकाजीला आता दिसत नाही, त्याचा मुलगा पाकळ्या लावतो. गाऱ्हाणे मीच सांगितले. "बा देवा म्हाराजा, सत्यवान येता हा. उजवो पडलो तर तो पडवीत रवतलो, डावो पडलो तर माजघरात रवतलो, रे म्हाराजा!" भिकाजी आंधळा झाला तरी कान शाबूत आहेत. तो गालात हसला आणि म्हणाला, "वैनी, देवाक तुमी मोकळो कधीच सोडूक नाय."

उजवा पडला. म्हणजे पडवी.

पण पडवीला या दिवसांत ओल असते, आणि तुला लहानपणापासून खोकला आहे. मी रात्रभर विचार केला. एवढी वर्षे देवाचे सगळे ऐकले, आता एकदा मोडले तर तो समजून घेईल. माजघर झाडून, सारवून ठेवले आहे. तुम्ही दोघे तिथेच झोपायचे. देवाने विचारलेच तर मी बघते त्याच्याकडे.

मोडत्या घराची कुठलीही वस्तू आता आणू नको. तुझ्या खोलीचे दार मात्र शेठकडून मागून घे. दुय्यम असले तरी तुम्ही दोघे त्याच्याआड राहिलात. लवू ते पडवीला लावून देईल. तो परवा जिन्याला रंग देत होता. तुम्ही येणार म्हटल्यावर परत विचारू लागला, ह्यो जिनो खंय जाता. मी सांगितले, "सत्यवान इलो की तेकाच इचार, तेनाच आणलो हा." तू यायच्या दिवशी मी त्याच्यावर चढून एसटीची वाट बघीन, तेवढा तरी त्याचा उपयोग.

आणखी एक. बंगल्याच्या दारावरची ती पितळेची पाटी मी लवूकडून काढून घेतली. चार खिळ्यांची भोके दिसतात, ती बुजवायचे काम तुझे.

मेल्या, कौल कशाला लावायला सांगितलास? यायचे होते तर न विचारता यायचे.

तुझी वैनी,
सुगंधा